गळती

एकतीस वर्षं मी पाणी सोडलं आणि पाणी तोडलं.
लोखंडी चावी खांद्यावर,
पहाटे चारला धनकवडी, सव्वापाचला बालाजीनगर,
अठ्ठावीस आटे सोडायचे, अठ्ठावीस आवळायचे.
ज्याचा नळ कोरडा त्यानं शिव्या दिल्या,
ज्याला आलं त्यानं दिल्या नाहीत, एवढंच.

आता निवृत्त आहे. कर्दळ लावलीय.

हिरवी नव्हे, काळी.
मुंढव्याकडे कालव्याकाठी भरावाचं काम चालू होतं,
जेसीबीच्या दातात एक गड्डा अडकलेला दिसला.
ऑपरेटरला म्हटलं, दे रे तेवढा.
म्हणाला, आलं आहे का काका?
रुमालात बांधून पीएमटीनं आणला,
सोसायटीच्या मागच्या भिंतीशी पुरला,
जिथं माती उन्हाळ्यातही पायाला गार लागते.

का गार लागते ते मला माहीत होतं.
चार इंची लाइनीचा सांधा, भिंतीपासून हातभर आत,
मिनिटाला वीस थेंब, फार तर बावीस.
असल्या गळत्या मी कानानं शोधायचो,
चावीचा दांडा रस्त्याला, कान दांड्याला.
हीसुद्धा ऐकली होती.
कळवली नाही.

शिमग्याच्या सुमारास पहिली सुरळी वर आली,
खात्यातल्या जुन्या नकाशासारखी घट्ट गुंडाळलेली,
आणि एका रात्रीत उलगडली.
रंग भरताच्या वांग्याचा, भाजायच्या आधीचा.
तो समोरून बघू नये.
पानामागं ऊन असताना बघावा:
बॅटरीवर तळहात धरल्यावर दिसतो तसा लाल,
मधल्या शिरेतून दोन्हीकडं फाटे,
मेन लाइन, सबलाइन, घरोघरचं कनेक्शन,
आणि प्रेशर पार टोकापर्यंत सारखं.
आम्हाला हे जमलं नाही.

तळमजल्यावरच्या चित्रेबाई म्हणाल्या,
इथं डास होतील. मी लेखी देणार आहे.
म्हटलं, द्या.

मे महिन्यात पाणी दिवसाआड झालं.
जिन्यात बादल्या, बादल्यांवरून भांडणं,
टँकरवाला फोन उचलेना.
एका सकाळी सगळे नळ नुसतेच फुसफुसले,
आणि मागं ही कमरेएवढी, चमकत उभी,
पायाशी चिखल, चिखलात एक बुलबुल आंघोळ करतोय.
मी त्याच दुपारी खात्यात फोन केला.

असद तांबोळी आला. माझ्याच हाताखाली शिकलेला.
खोदलं, सांधा मोकळा केला, बोटानं चाचपला.
म्हणाला, काका, ही तर वर्षभराची आहे.
तुम्हाला कशी ऐकू आली नाही?
म्हटलं, कान गेले रे.
तो काही बोलला नाही.
खड्डा बुजवताना कर्दळीच्या बाजूची माती
तेवढी त्यानं बुटानं नाही, हातानं दाबली.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा
वाऱ्यानं कागदासारख्या वाजायला लागल्या.
मग तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेली,
फिल्टरमधून वाया जाणारं,
जे मिळेल ते. चावीच्या खांद्यावर आता बादली,
तीन मजले खाली, दिवसातून दोनदा.
कुणाचं तोडायला मला कधी दम लागला नाही,
एका झाडाला पोचवताना लागतो.

चित्रेबाईंची तक्रार नोटीस बोर्डावर अजून आहे,
सहीसकट, टाचणी गंजलेली.
आणि तिच्या बरोबर खाली, रोज सकाळी,
डाळ धुतलेल्या पाण्याचं एक घमेलं.
डास नकोत म्हणून ताटानं झाकलेलं.
आम्ही त्यावर बोलत नाही.

काल फूल आलं. शेंदरी,
एक पाकळी फाटलेली, जशी आतूनच तशी निघाली.
काळ्या पानांवर ते इतकं मोठ्यानं दिसतं
की टँकरवाल्यानंही हॉर्न न वाजवता थांबून बघितलं.

पहाटे चारला अजून जाग येते.
चप्पल न घालता मागं जातो,
अंधारात ती दिसत नाही, फक्त फूल दिसतं,
तेही दिसतंय असं वाटतं.
मातीवर पाय ठेवतो.
गार लागते.
बादलीची असेल.
कान लावून बघत नाही.